शेवटचें पाणी

चहा गाळून झाल्यावर गाळणींतला चोथा चमच्याच्या पाठीनें दाबण्याची मला जुनी खोड आहे. दाबून दाबून त्यांतून निघतें तें काय? फार तर चार थेंब. पण ते चार थेंब चोथ्यांत राहून गेले ही जाणीव मला स्वस्थ बसूं देत नाहीं. "अहो, दाबूं नका तो चोथा, चहा कडवट होतो," हें वाक्य मी घरांतून चाळीस वर्षें ऐकत आलों आहें, आणि चाळीस वर्षें चोथा दाबीत आलों आहें. टूथपेस्टची नळी शेवटीं कात्रीनें उभी कापणारा, तेलाची रिकामी बाटली बरणीवर पालथी घालून रात्रभर निथळत ठेवणारा मनुष्य आमच्या घरांत एकच आहे. त्याचें नांव सांगण्याची आवश्यकता नाहीं.

ह्या खोडीला मी आजवर काटकसर हें प्रतिष्ठित नांव देत आलों. एका अर्थानें ती माझी पोटापाण्याची विद्याच होती. कोल्हापूर जिल्ह्यांतल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेंत मीं रसायनज्ञ म्हणून तेहतीस गळीत हंगाम काढले. ऊस पिळून झाल्यावर उरलेल्या भुशांत किती साखर राहिली हें तपासावयाचें, आणि ती राहूं नये म्हणून मिलवाल्यांच्या मागें लकडा लावावयाचा, हें माझें काम. लोकांना वाटतें, ऊस चरकांत घातला कीं रस निघतो आणि चिपाड उरतें. पण नुसत्या दाबानें उसांतली सगळी साखर कधींच निघत नाहीं. चिपाड कितीहि पिळलें तरी तें ओलें राहतें, आणि त्या ओलींत साखर असते. म्हणून शेवटच्या मिलच्या आधीं भुशावर गरम पाणी सोडतात. त्या पाण्यानें शेवटच्या मिलमधून जो पातळ रस निघतो तो आधींच्या मिलच्या भुशावर सोडतात, तिथला त्याच्याहि आधींच्या. भुसा पुढें जातो आणि पाणी मागें येतें. जो भुसा जवळजवळ निःसत्त्व झाला त्याला कोरें पाणी मिळतें, आणि ज्यांत गोडी अधिक त्याला आधींच थोडें गोड झालेलें पाणी मिळतें. हिशेबाच्या दृष्टीनें ह्याहून देखणी योजना मीं पाहिलेली नाहीं. इतकें करूनहि भुशांत शेंकडा दोनच्या आसपास साखर राहतेच. कोल्हापूरच्या मातीवर पिकणाऱ्या उसाचा उतारा शेंकडा बाराच्या घरांत जातो म्हणून देशांत आमचें नांव. आणि उसाचा दर उताऱ्यावर ठरत असल्यामुळें त्यांतला प्रत्येक दशांश शेतकऱ्याच्या पदरीं पडावयाचा. तेव्हां त्या दोन टक्क्यांच्या मागें मी हात धुऊन लागलों ह्याबद्दल मला आजहि खेद नाहीं.

परंतु ही विद्या मी कारखान्यांत शिकलों असें मात्र नव्हे. तिचे पहिले धडे मंगळवार पेठेंतल्या आमच्या घराच्या मागल्या अंगणांत आईच्या हाताखालीं मिळाले. चैत्र लागला कीं कुरडयांची घाई उडे. गहूं तीन दिवस भिजत पडत. रोज त्यांचें पाणी बदलावयाचें. चौथ्या दिवशीं ते पाट्यावर वाटले जात. वाटलेला लगदा पाण्यांत कालवून पातळ फडक्यांतून पिळला कीं दुधासारखा चीक पातेल्यांत उतरे. मग चोथा पुन्हा पाण्यांत कालवावयाचा आणि पुन्हा पिळावयाचा. फडक्याचें दुसरें टोक धरण्याचा मान माझा. "अजून एकदां?" असें मी विचारी. चोथा चिमटींत धरून, तो बोटांवर चोळून पाहून आई म्हणे, "अजून एकदां." चोथ्यांतून येणारें पाणी निर्मळ दिसूं लागलें म्हणजे तिचें समाधान होई. पातेलें रात्रभर झांकून ठेवीत. सकाळीं वरचें आंबूस पाणी अंगणांतल्या केळीच्या बुंध्याशीं जाई आणि तळाशीं घट्ट, पांढरा शुभ्र चीक हाताला लागे. चोथा तरी वाया कशाला जातो? त्यांत तीळ, मीठ, तिखट घालून वड्या थापल्या जात आणि त्याहि उन्हांत पडत.

असा दुहेरी वारसा घेऊन मी दोन वर्षांपूर्वीं मुलाकडे एडिंबरोस गेलों. बरोबर सौभाग्यवती होत्याच. एका शनिवारीं सकाळीं खालीं येऊन पाहतों तों चिरंजीवांनीं स्वयंपाकघराचें गुऱ्हाळ करून टाकलेलें! एका बाजूला गॅसवर पंचवीस-तीस लिटरांचें भगुणें तापत होतें. दुसऱ्या बाजूला, सहलीला थंड पेयें न्यावयाची असते तसली एक मोठी पेटी, तिच्या तळाशीं बारीक जाळी आणि बाहेर तोटी बसविलेली. आणि जमिनीवर धान्याचें एक पोतें. "हें काय रे?" मीं विचारलें. "बिअर करतों आहें बाबा," तो म्हणाला, "जरा कडक, हिवाळ्यासाठीं."

आमच्या घराण्यांत ह्या वस्तूचें नांवहि आजपर्यंत निघालें नव्हतें. शिवाय इकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें परवान्यावांचून घरांत मद्य करणें हा गुन्हा. त्या भीतीनेंच आम्ही दोघें एकमेकांकडे पाहूं लागलों. मुलानें हंसून सांगितलें कीं, ह्या देशांत १८८० पासून घरच्या बिअरला परवाना लागे, पण १९६३ सालीं सरकारनें तोहि काढून टाकला. "आई, आपल्याकडे लोणचं असतं ना, तसं हें इथं. ज्याच्या त्याच्या घरची चव निराळी." लोणच्याची उपमा तिला रुचली नाहीं, हें तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलें. मला मात्र अशा संकटांत नेहमीं ग्रंथांचा आधार लागतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मद्यावर देखरेख करणारा सुराध्यक्ष नेमलेला आहे, आणि इतका कडक बंदोबस्त ठेवूनहि सणासमारंभाला कुटुंबवत्सल गृहस्थांनीं घरीं सुरा करावी अशी मोकळीक दिलेली आहे, हें मला आठवलें. चाणक्यासारखा माणूस ज्याला आड येत नाहीं त्याला मी कुठवर आड येणार? खुर्ची ओढून मी पाहत बसलों.

पाहतां पाहतां माझी भीति पार गेली; कारण त्या साऱ्या खटाटोपांत मला अपरिचित असें कांहींच नव्हतें. पोत्यांतलें धान्य म्हणजे मोड आणून वाळविलेले जव. नाचणीला मोड आणून, ती वाळवून, दळून आपण सत्त्व करतों तोच हा प्रकार. मोड येतांना दाण्यांत असें एक द्रव्य उत्पन्न होतें कीं, पुढें योग्य ऊब मिळाल्यावर तें दाण्यांतल्या पिठाची आपोआप साखर करतें. मुलानें ९ किलो भरडलेले जव पेटींत घालून त्यांवर २४ लिटर पाणी ओतलें आणि सगळें मिश्रण ६६ अंशांवर तासभर झांकून ठेवलें. मग तोटी हळूच सोडली. प्रथम गढूळ रस आला. तो त्यानें पुन्हा वरून ओतला. जवाचीं टरफलेंच खालीं बसून गाळणीचें काम करतात. म्हणून भरडतांना दाणा फुटावा, पण टरफल शक्य तों अखंड राहावें. पांच मिनिटांत मधासारखा, नितळ रस वाहूं लागला. एक पेला भरून त्यानें माझ्यापुढें केला. "ह्यांत अजून दारूचा अंशहि नाहीं बाबा. ती पुढं यीस्ट घातल्यावर." मीं घोंट घेतला. नाचणीचें सत्त्व आणि ताजी काकवी कुणीं एकत्र केली असावी अशी ती चव! सौभाग्यवतींनींहि एक चमचा घेतला आणि "ह्याची दारू कशाला करायची?" असा बिनतोड प्रश्न विचारून त्या वर निघून गेल्या.

पहिला रस १५ लिटर निघाला. २४ लिटर पाणी ओतलें आणि १५ आलें. म्हणजे जवळजवळ किलोमागें लिटर ह्या हिशेबानें उरलेलें पाणी धान्यानें धरून ठेवलें, आणि तें पाणी पहिल्या रसाइतकेंच गोड होतें. माझ्यांतला रसायनज्ञ जागा झाला. आतां मुलगा हें धान्य धुणार होता. मीं मनगटावरचें घड्याळ सारखें केलें.

धुण्याचें काम त्यानें उत्तम केलें, हें मला कबूल केलेंच पाहिजे. १२ लिटर पाणी एकदम न ओतां त्यानें त्याचे दोन सारखे भाग केले. धान्य एकाच मोठ्या पाण्यानें धुण्यापेक्षां तेंच पाणी दोन वेळां विभागून वापरलें तर साखर अधिक सुटते. हें प्रयोगशाळेंतल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाहि ठाऊक असतें आणि माझ्या आईला तर पाट्यापाशींच ठाऊक होतें. पाणी ७५ अंशांच्या जवळपास. प्रत्येक पाण्याच्या वेळीं त्यानें धान्य तळापर्यंत ढवळलें, दहा मिनिटें विसावूं दिलें आणि तोटी अगदीं बारीक धारेवर ठेवून सावकाश निथळूं दिलें. घाई केली तर पाणी धान्यांतून वाट काढून निसटतें आणि बाजूचे दाणे कोरडेच राहतात. बघतां बघतां भगुण्यांत २७ लिटर रस जमला. मुलानें तोटी बंद केली आणि म्हटलें, "झालं."

"झालं कसं?" मी खुर्चीवरून उठलोंच. चोथ्याची एक चिमूट जिभेवर ठेवली. ती स्पष्ट गोड लागली. मीं त्याच्याकडून आंकडे घेतले, पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. धान्यांत होती त्यापैकीं साठ-पासष्ट टक्केच साखर रसांत आली होती. "अरे, आमच्या मिलमध्यें उसांतली पंचाण्णव टक्क्यांवर साखर रसांत उतरते. असला उतारा मला कुणी दाखवला असता तर मी त्याला रात्रपाळीला बसवला असता!"

त्यानें शांतपणें मला समजावून सांगितलें, आणि तें मला चांगलें समजलें. म्हणूनच कदाचित् राग आला. साध्या बिअरला त्याला २० लिटरांमागें चार किलो धान्य पुरतें. तेवढ्या धान्याला पाणी भरपूर मिळतें, आणि शेंकडा ऐंशीं साखर सहज निघते. कडक बिअरला धान्य दुपटीहून अधिक, पण शेवटीं हवी असलेली बिअर तितकीच. म्हणजे दर किलोच्या वांट्याला धुण्याचें पाणी निम्म्याहून कमी. पाणी वाढवावें तर रस पातळ होतो, आणि तो पुन्हा घट्ट करायला तासन् तास उकळावा लागतो. २७ लिटरांचे २० करायलाच दोन तास लागणार होते. "तुमच्या बॉयलरला भुसा फुकट मिळतो, बाबा, मला गॅसचं बिल येतं." जितकी बिअर कडक तितका उतारा कमी, असा हा नियमच आहे; तो मोडतां येत नाहीं, सोसावा लागतो.

पूर्वीच्या लोकांनीं ह्यावर एक तोड काढली होती, ती त्याच्या पुस्तकांत मला पुढें वाचावयास मिळाली. इंग्लंडांत एकाच धान्यावर दोन-तीन वेळां पाणी घालीत, पण तीं पाणीं एकत्र करीत नसत. पहिल्या पाण्याची कडक बिअर, ती सणासुदीला आणि साठवणीला. दुसऱ्याची रोजच्या जेवणाची. तिसऱ्याची अगदीं पातळ, ती मुलेंबाळें नि नोकरचाकरहि पीत. वरून पाण्याची बारीक शिंपण चालू ठेवून खालून रस काढण्याची रीत स्कॉटलंडची, आणि तीहि एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडभर पसरली. रसाचा दाटपणा मोजण्याचें उपकरण मद्य करणाऱ्यांच्या हातीं आलें तेंहि अलीकडेच. १७८४ सालीं रिचर्डसन नांवाच्या हलच्या एका व्यावसायिकानें त्याचा पुरस्कार करणारा ग्रंथ लिहिला. त्यापूर्वीं जीभ हीच मोजपट्टी होती. आमच्या गुऱ्हाळांतला गुळव्या काहिलींतला पाक थंड पाण्यांत टाकून गोळी वळते कीं नाहीं तें पाहतो आणि हात वर करतो, तसेंच तें. आणि गुऱ्हाळांत चिपाड कोणी धुवीत नाहीं, हेंहि तेव्हांच ध्यानांत आलें. तें वाळवून चुलवाणांत घालतात. त्यांत साखर राहते, हें काय गुळव्याला कळत नाहीं? पण जें पाणी घालावें तें सारें आटवावें लागतें, हें त्याला माझ्याहून अधिक कळतें.

ही सगळी समज मागाहूनची. त्या शनिवारीं मी हट्टाला पेटलों होतों. "निदान दोन पाणीं अजून घाल. मी करतों," मीं म्हटलें. मुलगा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "बरं. पण तें पाणी वेगळ्या पातेल्यांत घेऊं. मागाहून ठरवूं."

मीं बाह्या सरसावल्या. मिलमध्यें पाणी जितकें गरम तितकी साखर चांगली सुटते हा माझा अनुभव. म्हणून मुलगा नको नको म्हणत असतांना मीं किटलींतलें उकळतें पाणी ओतलें. दोन पाणीं, सहा सहा लिटरांचीं. मोठ्या कालथ्यानें चोथा दाबून दाबून निथळून घेतला. आईच्या फडक्याचें टोक पुन्हा हातीं आल्यासारखें वाटलें. उपकरणानें पहिल्या पाण्याची घनता १.०१८ दाखविली, दुसऱ्याची १.०१०. मीं पुन्हा पाकीट उलटें केलें: साडेचारशें ग्रॅमच्या आसपास साखर! जी हा मुलगा सरळ फेंकून देणार होता ती! मीं विजयी मुद्रेनें कागद त्याच्यापुढें धरला.

त्यानें कागदाकडे पाहिलें नाहीं. त्या शेवटच्या पाण्यांतलें थोडें पेल्यांत घेऊन तो म्हणाला, "चाखून बघा."

मीं चाखलें. गोडीचा मागमूस नव्हता. क्षणभर नुसतें कोमट पाणी वाटलें, आणि मग कच्चें जांभूळ चावल्यावर जीभ आकसावी, टाळूला चिकटावी तशी आकसली. तें कडू नव्हतें, तुरट होतें. कडू थुंकून टाकतां येतें. तुरट तोंडांत राहतें.

मला खरें तर हें ठाऊक असावयास हवें होतें. साखर निघून गेली म्हणजे धान्यांतल्या पाण्याचा आंबटपणा उतरतो, आणि तशांत तें फार गरम असेल तर टरफलांतलें तुरट द्रव्य सोडवून आणतें. धान्याजवळ देण्यासारखें गोड संपलें, कीं तें साल देऊं लागतें. आमच्या कारखान्यांतहि पहिल्या मिलचा रस सर्वांत शुद्ध आणि शेवटच्या मिलचा सर्वांत अशुद्ध असे, हें मीं हजारों वेळां वहींत नोंदलें होतें. पण तिथें पुढें चुना होता, गंधकाचा धूर होता. भुशांतून ओढून आणलेली घाण आम्ही तळाशीं बसवून टाकीत असूं. आईच्या चिकाचा प्रश्न तर त्याहून सोपा. पीठ पाण्यांत विरघळत नाहीं. वाटेल तितक्या पाण्यानें चोथा धुवा, रात्रभरांत चीक तळाशीं बसतो आणि पाणी केळीला जातें. कारखान्यांत वाफ होती, अंगणांत रात्र होती. जवाच्या ह्या रसाजवळ दोन्ही नव्हतीं. त्यांत घातलेलें प्रत्येक पाणी त्यालाच भोगावयाचें होतें.

मुलगा मोरीशीं उभा राहून कालथा धूत होता. पाठमोराच म्हणाला, "बाबा, दहावीला मला गणितांत चौऱ्याण्णव मार्क पडले होते. आठवतं तुम्हांला?"

"आठवतं तर."

"तुम्ही विचारलं होतंत, सहा कुठं गेले?"

त्याच्या आवाजांत तक्रार नव्हती. वीस-बावीस वर्षांपूर्वींची गोष्ट. तो जणूं हवापाण्याविषयीं बोलत होता. मला तो प्रसंग आठवत होता, पण निराळ्या रीतीनें. मीं तो विनोद केला होता अशी माझी समजूत होती; कारखान्यांत ही कोटी मीं चार-चौघांना सांगितलीहि होती. पण आतां त्याच्या पाठीकडे पाहतांना दुसरी एक गोष्ट ध्यानांत आली, जी इतक्या वर्षांत कधीं आली नव्हती. त्या दिवसानंतर त्यानें गुणपत्रक कधीं माझ्या हातीं दिलें नाहीं. तो तें आईच्या हातीं देई, आणि ती माझ्यापुढें आणून ठेवी. मी चष्मा लावून प्रथम पाहत असें तें काय मिळालें हें नव्हे. काय राहिलें तें. भुशाचा नमुना तपासावयाला घ्यावा तसा.

मीं कांहीं बोलावें असें त्यालाहि वाटत नसावें. मला तर कांहीं सुचेना. वयाच्या सत्तरीच्या जवळ आलेल्या बापानें अशा वेळीं काय म्हणावें ह्याचा धडा कोणत्याच पुस्तकांत नाहीं. मी जिना चढून वर गेलों आणि बॅग उघडली.

बॅगेंत किलो किलोच्या दोन भेल्या होत्या. राजर्षि शाहूंनीं १८९५ सालीं वसविलेल्या शाहूपुरींतल्या गुळाच्या बाजारांतून निघण्याच्या आदल्या दिवशीं त्या मीं स्वतः पारखून आणल्या होत्या. २०१४ सालीं कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालें. पण आम्हां लोकांना मानांकन नाकाशीं धरल्यावर कळतें. एक भेली हातांत घेऊन मी पलंगावर बसलों. गूळ आणि दारू हीं दोन नांवें कोल्हापूरकडच्या माणसाच्या मनांत निष्पापपणें एकत्र येत नाहींत. काळा, टाकाऊ गूळ आणि नवसागर घालून रानांत हातभट्ट्या लागतात, आणि तिनें ज्यांचीं घरें बसलीं अशीं माणसें मीं कारखान्याच्या फाटकाशींच पाहिलीं आहेत. अशा गुळाचा खडा मीं आपल्या हातानें दारूच्या भांड्यांत टाकावा काय? पांच मिनिटें विचार केला. शेवटीं असें वाटलें कीं, हा प्रश्न गुळाचा नाहीं आणि दारूचाहि नाहीं. जन्मभर मी ह्या मुलाजवळ कांहीं ना कांहीं राहिलेलें मागत आलों. आज त्याला कांहीं कमी पडत होतें आणि मजजवळ तें होतें.

खालीं येऊन मीं भेली ओट्यावर ठेवली. "अर्धा किलो फोडून घाल ह्यांतला. दोन पाण्यांत जेवढी साखर निघाली तेवढीच भरेल. तीन तासांचा गॅस वांचेल."

त्यानें हिशेब केला. हिशेब अगदीं जमला. बेल्जममध्यें कडक बिअरला साखर घालण्याची रीतच आहे, असें त्यानें सांगितलें. इथलेहि कांहीं हौशी लोक हिंदुस्थानी दुकानांतून गूळ आणून घालतात. "पण असला नसतो," तो वास घेऊन म्हणाला. उकळत्या रसांत गूळ विरघळूं लागला तसा घरभर गुऱ्हाळाचा वास सुटला. बाहेर एडिंबरोचा पाऊस आणि आंत आमच्याकडचा माघ महिना. वासानें सौभाग्यवती खालीं आल्या, भगुण्यांत डोकावल्या आणि म्हणाल्या, "तो गूळ माझ्या पुरणपोळीचा होता." एवढेंच. त्या दिवशींचा सर्वांत न्याय्य आक्षेप तोच होता.

माझें तें शेवटचें पाणी थंड झाल्यावर मुलानें मागल्या बागेंतल्या एका झाडाच्या बुंध्याशीं ओतलें. त्याला आजीच्या केळीची गोष्ट मीं कधीं सांगितली नव्हती. चोथ्यांतला मूठभर त्यानें पावाच्या पिठांत मळला. बाकीचा शेजाऱ्याच्या कोंबड्यांना गेला. म्हणजे तसें पाहिलें तर वाया कांहींच गेलें नाहीं. फक्त ज्याचें त्याचें भांडें वेगळें ठेवलें.

आम्ही परत आलों तेव्हां बिअर मुरत पडली होती. कडक बिअरला घाई चालत नाहीं, महिने लागतात. दिवाळींत त्याचा फोन आला. मित्रांना फार आवडली. एकानें विचारलें, ही मागाहून येणारी चव कसली? मुलानें सांगितलें, माझ्या गांवची. मीं स्वतः ती चाखलेली नाहीं, चाखणारहि नाहीं. तेव्हां ह्या बाबतींत मला मत नाहीं. पण फोनवर तो पुष्कळ वेळ बोलला, आणि फोन आईला द्या असें आधीं म्हणाला नाहीं, ह्याची मीं मनांत नोंद केली.

काटकसर वाईट असें मीं ह्यावरून ठरविलें आहे असा कोणीं समज करून घेऊं नये. भुशांतली साखर शेतकऱ्याची होती. ती काढलीच पाहिजे होती, आणि पुन्हा हंगाम मिळाला तर मी पुन्हा काढीन. परंतु उतारा काढण्याची एकच पट्टी मीं सगळ्याला लावली. जिथें मागाहून दोष निस्तरायला चुना आहे, किंवा गढूळ तें तळाशीं बसवायला रात्र आहे, तिथें खुशाल शेवटच्या थेंबापर्यंत धुवावें. जिथें तें नाहीं तिथें हात वेळेवर थांबवावा, आणि थोडी गोडी चोथ्यांत राहूं द्यावी. ती आपली नव्हतीच असें समजावें.

परवां चहा गाळतांना नेहमींप्रमाणें चमचा उचलला, आणि कां कोण जाणे, तसाच खालीं ठेवला. गाळणी मोरींत उपडी केली. घरांतून लगेच विचारणा झाली: "अहो, बरं वाटत नाहीं का आज?"